साठीनंतरचे काम आधीच ठरते

नोकरी संपली की माणूस घरी बसतो, अशी आपली एक समजूत आहे. सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळते, आणि "आता आराम करा" असे सगळे सांगतात. पण आपल्याच गावात जरा नजर फिरवून पाहा. साठी उलटलेली किती माणसे खरोखर घरी बसली आहेत? कोणी दूध संस्थेत हिशेब लिहितो. कोणी तालुक्याच्या गावी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा असतो. कोणी पुण्यामुंबईच्या एखाद्या इमारतीत रात्रपाळी करतो. कोणी शेळ्या राखतो. आणि एखादी म्हातारी आजही दुसऱ्याच्या रानात खुरपे घेऊन वाकलेली दिसते. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठीच्या पुढची माणसे दहा कोटींहून अधिक भरली, आणि त्यांतली बहुतेक खेड्यांत राहणारी होती. तेव्हा हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही.

आता विचार करायचा तो असा, की कोणाच्या वाट्याला कोणते काम येते आणि ते का? एकजण सावलीत बसून लिहितो आणि दुसरा उन्हात ओझे वाहतो, याला लोक नशीब म्हणतात. मला वाटते, त्यात नशिबाचा भाग थोडा आहे. त्या माणसाने आधीची तीस-चाळीस वर्षे कोणते काम केले, कसे केले आणि कोणाकडे केले, हे विचारा. पुष्कळदा उत्तर तिथेच सापडते. माणूस नोकरीतून बाहेर पडतो तेव्हा चार गोष्टी बरोबर घेऊन येतो. एक, कामाने झिजलेले किंवा राखलेले शरीर. दुसरी, हातातले कसब. तिसरी, लोकांतली ओळख आणि विश्वास. आणि चौथी, जिच्याकडे आपले सर्वांत कमी लक्ष असते ती, म्हणजे कागद.

आपल्या ओळखीच्या गुरुजींचेच उदाहरण घेऊ. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतात. त्यांचे शरीर बहुधा शाबूत असते. लिहिणे, वाचणे, हिशेब, अर्ज, सभेचे इतिवृत्त, हे सारे त्यांना येते. जनगणना झाली, मतदारयादी झाली, त्यांनी घरोघर फिरून सारा गाव पाहिलेला असतो. म्हणून पतसंस्थेला, वाचनालयाला किंवा देवस्थानाच्या विश्वस्तांना माणूस हवा असला की लोक गुरुजींच्या ओट्यावर येतात. जुलै २०२३ मध्ये तर राज्य शासनानेच ठरवले, की जिल्हा परिषद शाळांतल्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना तात्पुरते घ्यावे, दरमहा वीस हजार रुपये मानधन द्यावे आणि वयाची मर्यादा सत्तर वर्षे ठेवावी. पदविका घेऊन नोकरीची वाट पाहणाऱ्या तरुणांनी त्याला विरोध केला, आणि त्यांचे म्हणणे समजण्याजोगे होते. आपल्या विषयापुरते एवढेच ध्यानात घ्या, की जुन्या गुरुजींना काम शोधत जावे लागले नाही. ते काम त्यांना "नको" असेही म्हणता आले. नको म्हणता येणे ही फार मोठी गोष्ट आहे. ती त्यांच्या निवृत्तिवेतनामुळे शक्य झाली.

पण सगळे गुरुजी सारखे नाहीत, हेही पाहा. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर जे राज्याच्या सेवेत आले, त्यांना सर्वसाधारणपणे जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन लागू राहिले नाही. शाळा एकच, फळा एकच, शिकवणेही तेच. पण नेमणुकीच्या कागदावरची तारीख वेगळी म्हणून दोघांच्या म्हातारपणाचा हिशेब वेगळा. एकाला पुढे काम करायचे की नाही हे स्वतः ठरवता येईल. दुसऱ्याला ते कदाचित घरखर्च पाहून ठरवावे लागेल.

गुरुजींनंतर जवानाकडे येऊ. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात, आणि अशी घरटी सैनिक देणारी गावे आपल्याकडे बरीच आहेत. सैन्यातला शिपाई साधारण पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. पंधरा वर्षे सेवा भरली असली तर निवृत्तिवेतन मिळते. मुले अजून शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात, म्हणजे दुसरे काम करणे त्याला भागच असते. आता समजा, एकाच आळीतले दोघे सैन्यात गेले. एक पायदळात राहिला, दुसरा सिग्नलच्या पलटणीत तारायंत्रे आणि बिनतारी यंत्रे दुरुस्त करायला शिकला. शौर्य दोघांचे सारखेच. पण घरी आल्यावर दुसऱ्याला वीज, दूरध्वनी, कारखान्यातली यंत्रे अशा ठिकाणी जागा असते, आणि पहिल्याला बहुतेक करून पहाऱ्याचे काम मिळते. कारण रायफल चालवण्याचे कसब गावात दुसऱ्या कशाला लावता येत नाही. त्याच्याजवळ शिस्त असते, डिस्चार्ज बुकातला चांगल्या वर्तणुकीचा शेरा असतो, आणि मालक मंडळी तो शेरा आधी पाहतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवले की मार्गही दाखवला जातो. म्हणजे कसब अपुरे पडले तरी विश्वास आणि कागद त्याला सावरून धरतात.

२०२२ साली अग्निपथ योजना आली, तेव्हा तिची अट अशी ठेवली, की चार वर्षांनंतर फार तर चौथा हिस्सा तरुण कायम होतील; बाकीचे एक ठोक रक्कम घेऊन घरी येतील, निवृत्तिवेतन नाही. अशा तरुणाला पुढची सारी हयात त्या चार वर्षांत काय शिकला यावर काढायची आहे. तेव्हा भरतीला निघालेल्या मुलाला नुसते "धावण्याचा सराव कर" एवढेच सांगू नका. तिथे गेल्यावर कोणते तांत्रिक काम शिकता येईल हेही विचारायला सांगा.

आता गिरणीची गोष्ट. ही आपल्या कोकणाची आणि घाटावरचीही गोष्ट आहे, कारण मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतली माणसे पिढ्यान् पिढ्या राबली. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुष्कळांना गिरणीत परत पाऊलच टाकता आले नाही, आणि पुढे एकेक गिरणी बंद होत गेली. वयाने ते म्हातारे नव्हते. पण चाळिशीतच त्यांच्यावर निवृत्ती लादली गेली, असे म्हणायला हरकत नाही.

त्या माणसांचे पुढे काय झाले? इथे कसबाचा फरक उघड दिसतो. गिरणीच्या कारखान्यात लेथ चालवणारा, मोटारी बांधणारा, वायरमन, फिटर यांना इतर ठिकाणी जागा मिळण्याची शक्यता अधिक होती. कारण लेथ आणि मोटर सगळीकडे असते. साचेवाल्याला भिवंडी आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांवर काम मिळू शकत होते. पण तिथे रोज कमी, तास जास्त, आणि फंडाचे नाव काढायचे नाही. ज्याने बावीस वर्षे फक्त कापूस पिंजण्याच्या खात्यात काढली, त्याचे कसब गिरणीबरोबरच संपले. वर शरीराचा हिशेब निराळाच. कापसाच्या धुळीने छातीत दम भरतो, साच्यांच्या खडखडाटाने कान जातात. असा माणूस गावी येऊन नांगर धरणार कसा? पुष्कळांनी हातगाडी लावली, भाजी विकली, नाही तर एखाद्या फाटकावर पहाऱ्याला उभे राहिले.

आणि कागद? कायम कामगाराला हिशेब तरी मिळाला, कोणाला लवकर, कोणाला फार उशिरा. पण बदली कामगार रोज सकाळी दारात उभा राहायचा, जागा असली तर आत जायचा, नाही तर परत. त्याच्या कामाच्या दिवसांची नोंद तुटक. पुढे गिरणी कामगारांना घरे देण्याचे ठरले आणि २०१२ पासून म्हाडाच्या सोडती निघू लागल्या. तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर आपण गिरणीच्या पटावर होतो, हे दाखवणे आले. मग माणसे जुन्या ट्रंका उघडून बसली. तिकीट नंबर, गिरणीचा पास, विमा योजनेचे कार्ड, फंडाची पावती, जे सापडेल ते. ज्याच्या घरात हा कागद उंदराने खाल्ला किंवा पावसात भिजला, त्याचे तीस वर्षांचे कष्टही जणू भिजून गेले.

त्याच गिरणगावात बायकांनी खानावळी चालवल्या. एकेक बाई दहा-पंधरा कामगारांचे जेवण रांधायची. हे काम कोणत्या पटावर नव्हते, त्याला रजा नव्हती, फंड नव्हता. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, या बायांना एकत्र केले आणि बँकेकडून त्यांना कर्ज मिळवून दिले. जे कसब चुलीपाशीच राहिले होते, त्याला तेव्हा बँकेच्या खात्यात पत मिळाली. यावरून ध्यानात येते, की कागद नुसता मालकच देतो असे नाही. माणसे एकत्र आली तर तो मिळवताही येतो.

हमालांनी तेच केले. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाचे गुडघे आणि मान पन्नाशीलाच बोलू लागतात. त्याचे कसब म्हणजे त्याचे बळ, आणि बळ ओसरले की सारे ओसरले. पण अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीनंतर महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा झाला. कामगाराची नोंद मंडळाकडे होऊ लागली, व्यापाऱ्याकडून मजुरी आणि वरची लेव्ही मंडळ घेऊ लागले, आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटी उभी राहिली. मालक रोज बदलला तरी नोंद एकाच ठिकाणी राहिली, हे त्यातले मर्म. आजही नोंदणी असलेला हमाल आणि नोंदणी नसलेला हमाल यांची पोती सारख्याच वजनाची असतात. साठीला मात्र एकाच्या हाती काही रक्कम असते आणि दुसरा तसाच पुढच्या ट्रककडे वळतो.

सर्वांत शेवटी शेतमजूर बाई. तिला निवृत्ती हा शब्दच लागू होत नाही. भाताची लावणी, खुरपणी, कापूस वेचणी, ऊसतोड, सगळे वाकून. साठीला कंबर सरळ होत नाही, पण काम थांबत नाही. फक्त हलके होते आणि त्याबरोबर मजुरीही हलकी होते. मग लसूण निवडणे, गोवऱ्या थापणे, नातवंडे सांभाळणे, शेळ्या राखणे. सोलापुरात नोंदलेल्या कारखान्यासाठी विड्या वळणाऱ्या बाईला निदान फंड असतो, आणि पुढे थोडेसे निवृत्तिवेतनही बसते. शेतात राबणारीजवळ मात्र आपण पन्नास वर्षे राबलो असे सांगणारी एक चिठ्ठीही नसते.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट सांगायची आहे. ज्याचे काम सर्वांत जड होते, त्यालाच म्हातारपणी सर्वांत जास्त दिवस काम करावे लागते. उलट ज्याचे काम बसून होते, त्याला थांबण्याची मुभा असते. शहरातल्या एखाद्या फाटकावर दोन पहारेकरी असतात, असे समजा. एक माजी सैनिक, एक माजी गिरणी कामगार. गणवेश एक, पगार एक, बारा तासांची पाळीही एक. पण सैनिकाला हा पगार निवृत्तिवेतनाच्या वर मिळतो, आणि गिरणीवाल्याची सारी चूलच त्यावर पेटते. एखादा मालक सैनिकाला म्हणतो, "तुम्हाला पेन्शन आहेच, मग एवढ्यात चालेल." तो दर एकदा ठरला की तोच दुसऱ्यालाही लागतो. सैनिकाचा त्यात दोष नाही. पण एकाच्या आधाराने दुसऱ्याची मजुरी खाली येते, हे विसरता कामा नये.

मग करायचे काय? शरीराची झीज पुरी थांबवता येत नाही. पण बाकीच्या गोष्टींत अजून हात घालता येतो, आणि वय जितके कमी तितके बरे.

पहिली गोष्ट, दहा वर्षांची. कारखान्यात किंवा संस्थेत फंड कापला जातो, तिथे १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना लागू असते. तिच्यात निदान दहा वर्षांची सेवा भरली तर अठ्ठावन्नाव्या वर्षापासून दरमहा रक्कम मिळते. नऊ वर्षे चार महिने भरली तर दरमहा काही नाही. जे काही असेल ते एकदाच हाती येते आणि खर्चून जाते. हिशेब सोपा आहे. धरलेला पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. चौदा हजार पगार आणि दहा वर्षे, तर महिना दोन हजार. वीस वर्षे, तर निदान चार हजार. रक्कम मोठी नाही, हे खरे. सप्टेंबर २०१४ पासून किमान निवृत्तिवेतन एक हजार रुपये केले, ते किती अपुरे आहे हे सांगायला नको. पण हयातभर मिळणारे दोन हजार एखाद्या म्हाताऱ्याला रात्रपाळीऐवजी दिवसपाळी मागण्याचे बळ देतात.

म्हणून तरुण मुलगा एक कंपनी सोडून दुसरीकडे जातो तेव्हा निवृत्तिवेतनाची रक्कम काढून मोटारसायकल घेऊ नये. जुनी सेवा नव्या नोकरीला जोडून घ्यावी. मध्ये नोकरी नसेल तर योजनेचा दाखला मागून घ्यावा, म्हणजे आधीची वर्षे पुढे मोजली जातात.

दुसरी गोष्ट, नाव आणि जन्मतारीख. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, फंडाच्या नोंदीत तिसरे, असे आपल्याकडे फार होते. लग्नानंतर बायकांची नावे बदलतात, त्यात तर गोंधळ ठरलेला. हा गोंधळ पंचविशीत दुरुस्त करायला एक फेरी लागते. साठीला त्याच कामाला वर्ष जाते.

तिसरी गोष्ट, शेतमजूर आणि छोट्या धंदेवाल्यांसाठी. अठरा ते चाळीस वयात, महिना पंधरा हजारांपर्यंत मिळकत असणाऱ्यांसाठी २०१९ साली प्रधानमंत्री श्रम योगी मानधन योजना निघाली. वयाप्रमाणे महिना पंचावन्न ते दोनशे रुपये भरायचे, तेवढेच सरकार भरते, आणि साठीनंतर महिना तीन हजार मिळायचे, अशी तिची रचना. चाळिशी ओलांडली की दार बंद. ज्यांचे वय टळून गेले आहे आणि ज्यांना दुसरा आधार नाही, त्यांच्यासाठी श्रावणबाळ योजना आहे. तिची रक्कम २०२३ साली महिना दीड हजार केली. तहसील कचेरीत किंवा तलाठ्याकडे चौकशी करावी.

चौथी गोष्ट, दुसरे कसब. पंचेचाळिशीच्या आत एखादे असे काम शिकावे, की जे बसून करता येईल आणि आपल्याच गावात चालेल. मोटर दुरुस्ती, शिवण, रोपवाटिका, हिशेब ठेवणे. एसटीच्या चालकाला निवृत्तीनंतर शाळेची गाडी मिळू शकते; पण त्यासाठी डोळे हवेत आणि परवाना चालू हवा. वाहकाने मात्र तीस वर्षे पैशांचा काटेकोर हिशेब ठेवलेला असतो, आणि ते कसब पतसंस्थेला उपयोगी आहे हे त्याचे त्यालाच पुष्कळदा ठाऊक नसते. आपल्याला काय येते, हे नोकरीच्या नावावरून ठरवू नका. रोज प्रत्यक्ष काय करत होतो ते आठवा.

आणि शिक्षकांना एक विनंती. वर्गातल्या मुलांना एक पान लिहायला सांगा. आजी, आजोबा, आई, वडील यांनी कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कुठे, कोणाकडे, कोणते काम केले. त्याचा कागद घरात आहे का. असल्यास कुठे ठेवला आहे. मुले हे हौसेने विचारतील आणि म्हातारी माणसे हौसेने सांगतील. चाळीस घरांची चाळीस पाने झाली, की कोणाच्या फंडाचे पैसे अडकले आहेत, कोणाची सात वर्षे भरली आहेत आणि तीनच उरली आहेत, कोणाला श्रावणबाळ योजनेचा अर्ज करायचा राहिला आहे, हे गावाला दिसू लागेल. ज्यांचे कागद गेले त्यांच्या जुन्या सोबत्यांची नावे तरी त्या पानावर येतील, आणि सोबत्याच्या ट्रंकेतून कधीकधी आपलाही धागा सापडतो.

म्हातारपणी काम करण्यात कमीपणा मुळीच नाही. हात चालतात तोवर माणसाला काम हवेसेच वाटते. पण ते काम आवडीने केलेले असावे, निदान झेपेल एवढे तरी असावे. त्याची सोय साठीला होत नाही, ती आजच करायची असते. तेव्हा आज संध्याकाळी घरातली ट्रंक उघडा, कागद उन्हाला दाखवा, एका कोरड्या पिशवीत घाला, आणि ती कुठे ठेवली ते मुलाला आणि सुनेला सांगून ठेवा.